डावा कौल आणि शेवटची एक मिनिट बावन्न सेकंदं

गणपतदादांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "सर, संकेतला घेतलंय. इंडियात." मग म्हणाले, "शिमग्याला तुमी यायला पायजे. तुमी नसलात तर तो कधी आत गेला न् कधी भायेर आला, आमाला काय कळनार नाय."

संकेत हा त्यांचा मुलगा. पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाट उतरल्यावर डाव्या हाताला जी छोटी रस्तावजा वाट फुटते, तिच्या टोकाच्या वाडीत त्यांचं घर आहे. पुण्यात शिकायला आला तेव्हा पोरगा सहा फूट चार इंच होता आणि दारातून जाताना उगाचच वाकायचा. मी पुण्यातल्या बास्केटबॉल सामन्यांत तीस वर्षं टेबलवर बसतोय, म्हणजे घड्याळ चालवतो आणि गुण लिहितो. खेळाडू म्हणून मी सुमार होतो, त्यामुळे कडेला बसायची सवय लवकर लागली. टेबलवरच्या माणसाने कोणासाठीही टाळी वाजवायची नसते, हा पहिला नियम. संकेतची कित्येक वर्षं मी अशी हात बांधून पाहिली आहेत.

आता तो एकोणतीस वर्षांचा झालाय. विश्वचषकाच्या आधीचे पात्रता सामने असतात. गटातल्या प्रत्येक संघाशी एकदा आपल्याकडे खेळायचं, एकदा त्यांच्याकडे जाऊन. ऐनवेळी एकाचा घोटा मुरगळला आणि बारावा म्हणून संकेतला बोलावणं आलं. दुखावलेला बरा झाला की हा पुन्हा बाहेर, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. दादांना ते मी फोनवर सांगितलं नाही, पण त्यांनी आपणहून विचारलं, "म्हनजे हे एकदाच काय ते?" मी म्हटलं, बहुतेक.

दादांनी मुलाचा एकही सामना पाहिलेला नव्हता. कधी भाताची लावणी, कधी झोडणी, कधी म्हैस व्यायलेली. एकदा मुद्दाम पुण्याला आले, तर अवकाळी पावसाने मैदानात तळं झालं आणि सामना रद्द. त्यामुळे मी तीन दिवसांची रजा टाकली.

पुण्याहून पोलादपूरला जायला वरंध घाट जवळचा, पण तो उघडा आहे का याची मला दोन माणसांकडून दोन उत्तरं मिळाली, म्हणून वाई-पाचगणी-महाबळेश्वर-आंबेनळी असाच गेलो. गाडीने पाच तास धरा. पेट्रोल महाबळेश्वरलाच भरून घ्या. पुढे घाटात वळणं आणि माकडं यांच्याशिवाय काही मिळत नाही. स्ट्रॉबेरीच्या ठेल्यांवर थांबायचा मोह आवरा, उतरताना सगळ्या पेटीचा लगदा होतो, माझा झाला. आंबेनळीत खाली सावित्रीचं खोरं उघडतं तिथे मात्र गाडी बाजूला घ्या. मार्चच्या तोंडाला डोंगर पिवळे पडलेले असतात, मधूनमधून पळस पेटलेला, आणि खाली कुठेतरी वाजंत्री. पोलादपुरात एस.टी. स्टँडजवळ दीडशे रुपयांत भाकरी, वालाची उसळ आणि सुकटाची चटणी असं जेवण मिळालं. भाकरी दुसऱ्यांदा मागितली तर वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "घ्या की, लाजताव कशाला?"

वाडीत पोचलो तर घरापुढे दादा कांबळ्याची घडी घालत बसलेले. कशाला, विचारलं. इथे होळीनंतर ग्रामदेवतेची, काळकाईची पालखी घरोघर फिरते. पुढच्या दांड्याला दोन खांदे, मागच्या दांड्याला दोन. पुढचा मान दादांच्या घराचा. इतकी वर्षं पुढे बाप-लेक असायचे, दोघं ताडमाड, पालखी अगदी समतोल. यंदा संकेतच्या जागी पुतण्या, तो चांगला वीतभर बुटका. म्हणून त्याच्या खांद्यावर कांबळं ठेवून उंची जुळवायची. "देवी एका अंगाला कलली तर बरं नाय दिसत," दादा म्हणाले, आणि घडी आणखी एक दुमडून बघितली.

खरी अडचण वहिनींनी चहा देताना सांगितली. सामना परदेशात, आपल्याकडच्या वेळेने दुपारी साडेचारला सुरू. टीव्हीवर नाही, फक्त फोनवर. वाडीत फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, वर सहाणेवर, म्हणजे जिथे पालखी बसवतात त्या दगडी ओट्यावर. दादांचं घर खालच्या आळीत, खोलगट जागी, तिथे काडीइतकी रेंज नाही. आणि पालखीचा घरांचा क्रम पिढ्यान् पिढ्यांचा ठरलेला. त्या हिशोबाने दादांच्या घरी ती पाचच्या पुढेच येणार, आणि आपल्या घरची ओटी भरेपर्यंत दादांना दांडा सोडता येत नाही.

"नंतर बघता येईल, दादा. सामना फोनवर राहतो," मी म्हटलं.

"झाल्यावर बघून काय करू? झालेलं हलत नाय. चालू असताना बघितलं म्हनजे आपलं पन कायतरी लागतं त्याला."



दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावला. भिकूतात्या हे गावचे जुने मानकरी, सत्तरीला आलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी देवीच्या दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, गनपतचा पोर लांब खेळायला गेलाय. आज त्याच्या घराची पाळी आधी लावू काय? उजवी दे, न्हायतर डावी दे." उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे श्वास धरून उभे. मी नकळत मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाचव्या मिनिटाला डावी पाकळी पडली.

मला राग आला, खरंच सांगतो. एक घर इकडचं तिकडे केल्याने काय बिघडणार होतं? मी हळूच तात्यांना म्हटलं, "पुन्हा एकदा विचारता येईल का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच बाहेर जाऊन चपला शोधू लागलो. दादा मात्र शांत होते. "सर, तुमी वर बसा. बघा न् मला सांगा," एवढंच म्हणाले.

साडेचारला मी सहाणेवर. ओटीतल्या एका नारळाला टेकवून फोन उभा केला. सोबतीला दोन म्हाताऱ्या, बाकी सगळा गाव पालखीमागे. भारताचा संघ मैदानात आला, संकेत रांगेत शेवटी, राष्ट्रगीताला छाती ताठ करून. मला भरून आलं. मग सामना सुरू झाला आणि तो बाकावर बसला. चारपैकी पहिला क्वार्टर बसून. दुसरा बसून. तिसराही.

"बसायलाच न्येलंय व्हय त्याला?" एक म्हातारी म्हणाली.

"लागेल तेव्हा उठवतात, आजी."

"मंग आमच्या नानीला पन न्यायचं. ती तर दिसभर बसते."

खालून पालखीपुढे वाजणाऱ्या खालूबाजाचा आवाज जवळ येत होता. सव्वासहाच्या सुमारास पालखी दादांच्या अंगणात पोचली. वरून मला सगळं दिसत होतं: पुढे दादा, शेजारी कांबळं घेतलेला पुतण्या, मागे भिकूतात्या आणि आणखी एकजण, आणि ओटी घेऊन उंबऱ्यात वहिनी. फोनवर चौथा क्वार्टर संपत आलेला, आपण अकरा गुणांनी मागे. सामना गेल्यात जमा होता. प्रशिक्षकाने टाइम-आउट घेतला, बाकाकडे वळून बोट केलं, आणि संकेतने अंगावरचं जाकीट काढलं. एक मिनिट बावन्न सेकंद शिल्लक.

मी ओट्याच्या कडेला जाऊन जिवाच्या आकांताने ओरडलो, "दादा! उठला! आत चाललाय!"

बाजा थांबला. दादांनी मान वर केली. खांद्यावर देवी असताना दांडा सोडता येत नाही, पालखी जमिनीला टेकवता येत नाही, आणि घरची ओटी भरल्याशिवाय ती हलतही नाही. ते नुसते वर बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा सामना पुन्हा पावसात वाहून चालला होता.

आणि पालखी डोलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग सरळ पुढे झुकली. "देवी निघाली!" कोणीतरी ओरडलं. पालखी अंगणातून बाहेर पडली आणि सहाणेचा चढ चढू लागली. देवीने ओढ घेतली की आडवं जायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वाजंत्री धावत सुटले, वहिनी ओटीचं ताट घेऊन मागे, पुतण्याचं कांबळं वाटेतच पडलं आणि पालखी दादांच्या उलट अंगाला कलली. त्याकडे कोणी बघितलं नाही.

सहाणेवर पोचल्यावरही दादांना खाली वाकता येणार नव्हतं, म्हणून मी फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला, पडदा त्यांच्याकडे. एकतीस सेकंद उरलेली असताना संकेतवर फाउल झाल्याचं समालोचक ओरडला, म्हणजे अडवायला कोणी नसताना टाकायचे दोन फ्री थ्रो. मला ते दिसत नव्हते. मला दिसत होते दादा. घामाने थबथबलेले, गालाला लागलेला दांडा, डोळे फोनवर. पहिल्या चेंडूला त्यांचे डोळे मिटले, तेव्हा मला कळलं की चुकला. दुसऱ्याला त्यांनी श्वास धरला. बराच वेळ धरला. मग सोडला. बाजूला वहिनी ताट सांभाळत "आत गेला गो, आत गेला!" म्हणून रडत होत्या.

दहा गुणांनी हरलो. पालखी पुन्हा खाली गेली, ओटी भरली आणि क्रमाने पुढच्या घरी निघाली.

जेवताना मी विचारलं, "खरं सांगा, दादा. पालखी तुम्हीच ओढलीत ना?"

"माझी काय बिशाद? मी पाय रोवून हुबा व्हतो. मागनं रेटा आला."

दुसऱ्या दिवशी निघताना तात्या पाराजवळ विडी ओढत बसलेले भेटले. गाडी थांबवल्याशिवाय राहवलं नाही. "तात्या, कौल तर डावा होता."

"कौल घरांची पाळी बदलायचा व्हता," ते म्हणाले. "चढ चढायचा कुटं इचारला व्हता?" आणि त्यांनी मला वाटेला लावलं.

परत महाड-माणगाव-ताम्हिणीमार्गे आलो. महाडपासून जवळच सव गावाची गरम पाण्याची कुंडं आहेत. टॉवेल आपला आपण न्या आणि सकाळी जा. मी तासभर पाय सोडून बसलो. तात्यांच्या देवळातल्या त्या नजरेला मी हट्ट समजलो होतो, याची लाज वाटत होती. नियम मीही पाळतो, पण तो न मोडता माणसाला कुठून वाट द्यायची, हे मला टेबलवर बसून कधी सुचलेलं नाही.

आठवड्याने दादांचा फोन आला. संकेत दोन दिवस घरी येऊन गेला होता. पुढच्या सामन्यांसाठी त्याला बोलावलेलं नाही. "त्यानं इचारलं, बाबा, बघितलंत? म्हटलं, बघितलं." मग म्हणाले, "पन सर, एक राहिलं. माझे दोनी हात दांड्याला. टाळी नाय वाजवता आली. तुमी तेवढी वाजवलीत ना?"

"हो तर," मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर खोटं बोलल्याचं वाईट वाटत राहिलं.

मग तो सामना फोनवर पुन्हा लावला आणि शेवटच्या एकतीस सेकंदांवर आणला. पहिला फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर. दुसऱ्याआधी संकेतने चेंडू तीनदा आपटला, नेहमीसारखा. चेंडू रिंगवर फिरला, थबकला आणि आत पडला. मी फोन टेबलावर ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागलो.

"काय हो, जिंकलं का कोण?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"नाही, हरलो," मी म्हणालो आणि वाजवत राहिलो.