मुशीचा फोटो

मांजर्ली गावाच्या मागे उल्हास नदीच्या काठी गळ टाकून बसायची सवय मला बरीच वर्षं आहे. मोरिवलीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा मित्र मात्र समुद्राचा शौकीन. "नदीत काय बारकी चिंगूळ मारत बसतोस? चल, तुला शार्क दाखवतो," असं तो वर्षभर म्हणत होता. शेवटी मार्चमध्ये दोन दिवस रजा टाकून आम्ही त्याच्या गाडीतून मालवणच्या बाजूला गेलो.

खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो. भोवती गुडघाभर, कुठे कमरेएवढं पाणी, अंघोळीला काढावं तसं कोमट. साठीच्या एका होडीवाल्या काकांनी आम्हाला तिथे सोडलं आणि ते होडी धरून उभे राहिले. मी बांगड्याचा तुकडा लावून गळ टाकला. अर्ध्या तासात दोरी अशी खेचली गेली की रॉड हातातून सुटता सुटता राहिला. नदीत असं कधीच झालं नव्हतं. वीसेक मिनिटांनी ती थकली आणि उथळ पाण्यात आली. मुशी. लहान जातीचा शार्क, पण माझ्या कमरेएवढी लांब, राखाडी, पोट चांगलंच फुगलेलं.

मी तिला उचललं. काका लगेच ओरडले, "साहेब, तिच्या पोटात पिलां आसत. बेगीन सोडा तिका!"

"एक मिनिट, काका. फक्त फोटो."

मित्राचे हात ओले होते, फोनची स्क्रीन चालेना. त्याने शर्टाला पुसली. मग म्हणाला, "सूर्य मागे आहे रे, काळा येतोय फोटो. फिर जरा." मी फिरलो. "अजून वर धर. हस ना!" मी हसलो. काका पुन्हा म्हणाले, "सोडा हो." मी ऐकलं. न ऐकल्यासारखं केलं, हे जास्त खरं.

तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी गिळगिळीत सरकलं. पिल्लू होतं. वीतभर लांब, हुबेहूब आईसारखं. ते पाण्यात पडलं, त्यामागून आणखी एक, मग आणखी. मी घाबरून तिला सोडलं तर ती उलटी झाली. काकांनी धावत येऊन तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि तोंडात पाणी जावं म्हणून पाण्यातून पुढे ढकलत राहिले, कितीतरी वेळ. मग त्यांनी हात काढले. ती न हलता तळाला गेली. काकांनी पिल्लं ओंजळीत घेऊन खोल पाण्याकडे नेली. ती जगली का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मग काकांनी होडी सरळ किनाऱ्याला आणली. होडीतून उतरताना त्यांनी दोघांचं सामान हातात दिलं, तेवढंच.

घरी आल्यावर मी फोटो निवडला. खालच्या कोपऱ्यात एक छोटी शेपटी दिसत होती, ती कापून टाकली. कात्रपमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून लिहिलं, 'पकडली आणि लगेच सोडून दिली.' टाळ्यांचे हात येत राहिले.

मे महिन्यात तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं शिबिर घेतलं. मला म्हणाल्या, "तुम्ही या. पकडलेला जीव सोडून द्यायचा असतो, हे मुलांना तुमच्याकडून कळू दे." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो. फोटो मोठा करून दाखवला. एका मुलीने विचारलं, "काका, मग ती पोहत गेली?"

"हो! सुळकन गेली," मी म्हणालो, आणि हाताने करूनही दाखवलं.

बाईंनी मला गुलाबाचं फूल दिलं. जिना चढताना ते हातात धरवेना. दोन दिवसांनी मी त्यांच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे आता. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मला कशाला सांगताय? फसवलंत तर मुलांना."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हॉलमध्ये गेलो. फोटो न दाखवता खरं काय झालं ते सांगितलं. होडीवाले काका सोडा म्हणत होते तेही, पिल्लांचंही. मग तीच मुलगी म्हणाली, "पण ते होडीवाले आजोबा सांगत होते ना? मग का नाही सोडली?"

"फोटो नीट येत नव्हता," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी मुलांना चित्रकलेच्या वह्या काढायला सांगितल्या आणि मी चपला घालून बाहेर आलो.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मासाच होता रे, किती मनाला लावून घेतोस!" आम्ही अजून शेजारच्याच मशीनवर आहोत, डबाही एकत्र खातो. पावसाळा संपला की पुन्हा जाऊ, असं तो म्हणतो तेव्हा मी डब्यात बघून जेवत राहतो.