ऑगस्टिनची राहून गेलेली नावं

आमच्या तळ्यावरचा ऑगस्टिन फोर्मेला कधी खोटं बोलला नाही, नावेत सोडून. पाण्यावर माशाचं खरं नाव घेतलं की मासा ते ऐकतो आणि जाळ्यापासून लांब राहतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून नावेत वाम म्हणजे ‘दोरी’, पट्टेवाला मासा म्हणजे ‘जावई’. उद्या त्यांनाच आणखी काही म्हणायचं.

वॉर्साहून झारेम्बाबाई आल्या, माशांच्या जुन्या नावांचं मूळ शोधायला. ऑगस्टिन हरखला. आजीकडून आलेली पन्नासेक नावं त्याला पाठ होती, कोणतं कशावरून पडलं यासकट. मुलगा ग्दान्स्कच्या गोदीत. त्याला मासा फक्त डब्यातला ठाऊक.

“बाई, संध्याकाळी घरी या. चुलीपाशी सगळं सांगतो.”

“नको काका. घरात माणूस सजवून बोलतो. कामात तोंडून निघतं तेच अस्सल.”

बाईंचं शास्त्र मोठं. दहा दिवस त्या नावेत बसल्या, मी वल्ही मारली. लांब जबड्याचा मासा वर आला की विचारायच्या, “हा कोण?”

“सासूबाई,” ऑगस्टिन गंभीरपणे सांगायचा. वहीत सासूबाई.

किनाऱ्याला लागल्यावर तो विनवायचा, “बाई, ते नावेतलं धरू नका. घरी चला.” लाजतात बिचारे, असं म्हणून बाई साडेचारची बस पकडायच्या. घरी त्याची बायको त्रूदा खसखशीचा केक करून ठेवायची आणि हा रविवारचा कोट चढवून बसायचा. दहाही दिवस.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. ‘सासूबाई’वर अडीच पानं होती: स्लाव लोकांची कुणी प्राचीन जलदेवता म्हणे. आम्ही पोट धरून हसलो. ऑगस्टिनही हसला.

“येतील बाई परत,” तो म्हणाला. “नवी आवृत्ती काढतात ना?”

ती खरी नावं मी तरी कधी विचारली? एकोणीस वर्षं एका नावेत होतो आम्ही. रोज भेटणाऱ्या माणसाला कोण विचारतं? आता स्वतःचीच चीड येते.

ईस्टरच्या आधी तो गेला. बाई मातीला आल्या, चुलीपाशी बसल्या, केक खाल्ला आणि हळूच वही काढली.

“त्रूदाकाकू, काका घरी माशांबद्दल काही बोलायचे का हो?”

“नाही बाई,” त्रूदा म्हणाली. “घरी ते तुमची वाट बघायचे.”