म्हात्रेच्या गाडीमागची मांजरं

किस्से काही कोणी जमवत नाही हो, ते चेनच्या काळ्या वंगणासारखे असतात. एकदा बोटाला लागले की पुसाल तेवढे पसरतात! आमच्या वाशीच्या बिल्डिंगखाली एक नळ होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दर रविवारी सकाळी त्या नळाभोवती चार मोटरसायकली आणि चार नवरे जमायचे. मी, कोकणातला सावंत, नांदेडकडचे कांबळे आणि तळमजल्यावरचा म्हात्रे. म्हात्रे मूळचा करावे गावचा, बापाची खाडीत होडी. नोकरी लागल्यावर तो इथे राहायला आला होता.

मला पहिल्यापासून नसत्या चौकशा फार. कोण आपली गाडी कशी पुसतो, हे बघत बसायचा मला नादच होता. माणूस कसा आहे ते त्याच्या फडक्यावरून कळतं, असं माझं आपलं मत.

*

सावंताचं फडकं म्हणजे बायकोची जुनी मलमलची साडी. सायलेन्सर तो दात घासायच्या पांढऱ्या पावडरीने घासायचा. डबा महिनाभर पुरायचा तो आठवड्यात खलास!

एकदा त्याची बायको गॅलरीतून सगळ्यांदेखत ओरडली, "अवो, सायलेन्सर हसता कधी तां सांगा! घरात सगळ्यांचे दात पिवळे झाले!"

पण खरी गंमत पुढेच आहे. हा माणूस ऑफिसला बसने जायचा. मी न राहवून विचारलं, "अरे, दारात मोटरसायकल असताना बस कशाला?"

"रस्त्यावर काय धूळ असते, बघतोस ना? मळेल की!"

"मग घेतलीस कशाला?"

सावंताने माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडा. म्हणाला, "धुवायला!"

*

कांबळ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना धुण्यात रस नव्हता, खोलण्यात होता. पेट्रोल वरून आत जातं, धूर मागून बाहेर येतो, मधे नेमकं काय होतं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दर रविवारी खाली पेपर अंथरायचे, गाडी उघडायची आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडायची.

"परवा तर नीट चालत होती की," मी म्हणायचो.

"चालती, पण का चालती ते कळंना ना!" कांबळे म्हणायचे.

सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवायला ते घरातलीच भांडी आणायचे. एका रविवारी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. सुमनवहिनींनी, म्हणजे कांबळ्यांच्या मिसेसनी, ताट वाढलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "वरण जरा बघून खावा भावजी. एक वॉशर सापडंना झालाय यांचा."

मी हसलो. कांबळे मात्र खरंच चमच्याने वरण ढवळायला लागले!

*

आता म्हात्रे. नवी मुंबईची हवा खारी, खाडी जवळ. कुठलीही गाडी इथे दोन पावसाळ्यांत गंजून जायची. आम्ही पॉलिश लावून दमलो. म्हात्रे मात्र पॉलिशला हातही लावायचा नाही. गावाकडे होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोळतात, तेच तो डब्यातून आणायचा आणि मडगार्डपासून स्पोकपर्यंत गाडीला चोपडायचा.

गंज? नाव नको! पण वास? अरे देवा! गाडी तापली की अख्ख्या सेक्टरला वाटायचं, कुणीतरी बोंबील तळतंय.

आणि मांजरं! म्हात्रेची गाडी उभी राहिली की कुठून कुठून मांजरं यायची. सीटवर एक, टाकीवर एक, चाक चाटायला बाकीची. तो निघाला की वळणापर्यंत मागे धावायची. नारळी पौर्णिमेला त्याने होडीबरोबर गाडीलाही नारळ वाढवला, तेव्हा खोबऱ्याला माणसं कमी आणि मांजरं जास्त.

कांबळे त्याला सांगायचे, "म्हात्रे, एकदा इंजिन खोलून तर बघा."

"कनाला?" म्हात्रे म्हणायचा. "चालते ना? आमी होरी काय दर आयतवारी खोलताव काय?"

सुमनवहिनींना तर तो वास अजिबात सोसायचा नाही. पदर नाकाला लावून जिना उतरायच्या. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मेले तरी त्या गाडीवर बसणार नाही!"

म्हात्रेला वाईट वाटलं असणार. पण तो नुसता हसला आणि गाडी आणखी थोडी लांब लावायला लागला.

*

त्याच वर्षी वहिनींना दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आधी दोनदा आशा लागून मोडली होती. त्यामुळे कांबळ्यांचा जीव टांगणीला. दवाखाना लांब. रिक्षा स्टँडवर तेव्हा रिक्षांपेक्षा बकऱ्या जास्त उभ्या असायच्या. सगळी मदार मोटरसायकलवर.

"गाडी एकदम टकाटक पायजे," कांबळे म्हणायचे. "ऐन वेळंला दगा नको." म्हणजे खोलणं आणखी वाढलं! पूर्वी नुसता कार्ब्युरेटर उघडायचे, आता गिअर, क्लच, काही सोडेनात. मलाही त्यांची काळजी वाटायची, पण बोलायचं कसं? बाप होणाऱ्या माणसाला हातात पाना असला की जरा धीर येतो.

आणि वहिनींना कळा सुरू झाल्या, त्या नेमक्या रविवारी सकाळी!

वरून हाक आली. कांबळे उठले. समोर पेपरवर त्यांचं इंजिन होतं, परातीत.

त्यांनी सावंताकडे बघितलं. सावंताने स्पोक घासायला दोन्ही चाकं काढलेली. माझ्याकडे बघितलं. माझी चेन रॉकेलच्या डब्यात. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. तीन मोटरसायकलींच्या मालकांना एक बाई दवाखान्यात नेता येईना! कांबळे परातीतला पिस्टन उचलून परत ठेवत होते. डोळ्यांत पाणी.

"जोडतो... आत्ता जोडतो..."

तेवढ्यात वहिनीच जिना उतरून आल्या, कठड्याला धरत धरत. कांबळ्यांची गाडी बघितली. सावंताची बघितली. माझी बघितली. सरळ पुढे गेल्या, म्हात्रेच्या सीटवरचं मांजर हाताने उठवलं, आणि स्वतः बसल्या.

म्हात्रेने किल्ली कांबळ्यांच्या हातात ठेवली. कांबळे किल्लीकडे बघत उभेच.

"काय बघायलात? मारा की किक!"

एका किकमध्ये सुरू! गाडी गेटबाहेर पडली आणि मागून मांजरांची सगळी वरात. आम्ही तिघं हात जोडून उभे.

दुपारी निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. म्हात्रे नळाखाली तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ तोंडच धूत राहिला.

*

वहिनी बाळाला घेऊन घरी आल्यावर माझ्या चौकस स्वभावाने मी विचारलंच, "वहिनी, वास नाही का आला हो त्या दिवशी?"

"वास?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, मला एवढंच दिसलं, की हिला दोन्ही चाकं हायत!"

पुढच्या रविवारी कांबळ्यांनी सवयीने पेपर अंथरला. पाना हातात घेतला. वर गॅलरीत वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्या नुसत्या बघत होत्या.

कांबळ्यांनी पाना पिशवीत टाकला. पेपराची घडी घातली. मग एक वाटी घेऊन म्हात्रेसमोर जाऊन उभे राहिले. म्हात्रेने डबा तिरका केला.

कांबळे नाकाला रुमाल बांधून गाडी पुसायला बसले. सावंताने आपली गाडी घाईघाईने पलीकडे सरकवली. मांजरं ओळीने येऊन बसली.

वरून वहिनी ओरडल्या, "स्पोकला पण लावा!"