लिंक फक्त बाहेरच्यांना

मी घर सोडलं त्या संध्याकाळी आई मला सोडायला पुलगाव स्टेशनवर आली नाही. आमच्या नाचणगावहून स्टेशन ते कितीसं लांब! पण पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असायचं, आणि त्या दिवशी वाचायची पाळी आमच्या घराची होती. पाळी कुणाशी तरी बदलून घे, असं बाबांनी म्हणून पाहिलं. आई पांढरी साडी नेसत म्हणाली, "लोकं येऊन बसतीन. मी नाई गेली तं कोन वाचीन?" माझ्या गालावरून हात फिरवला, "पोहोचली का फोन करजो," म्हणाली आणि ग्रंथ छातीशी धरून निघून गेली. मी नर्स म्हणून थेट आयर्लंडला चालले होते आणि माझ्या आईला वाचनाची पडली होती. प्लॅटफॉर्मवर बाबा म्हणाले, "तुही माय कोनाचं आयकते का?" बडनेऱ्यापर्यंत मी फुगून बसले होते.

गावात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे जे पुण्याला, बंगलोरला, दुबईला गेले त्यांना आठवण करून देते. वाचन म्हणजे नुसतं वाचन कधीच नव्हतं. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया सतरंजीवर टेकायच्या, एखादीची मान डुलायची. आई चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून वाचायची, जोडाक्षर आलं की थबकायची, आणि मागून शेजारच्या शांताकाकू ओरडायच्या, "धकव पुढं!" वाचन संपलं की खरं सुरू व्हायचं. उद्या कुणाच्या वावरात बाया कमी आहेत, कुणाची सून माहेरून का येत नाही, कुणाला ताप आहे आणि त्याच्याकडे भाकर कोण नेणार. भांडणं तिथंच लागायची, बहुतेक तिथंच मिटायची. मला तेव्हा त्या सगळ्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

इथे कॉर्क शहरात माझी शेजारीण फार चांगली आहे. भेटली की हवेबद्दल बोलते, मीही हवेबद्दल बोलते, मग दोघी आपापल्या दारात शिरतो. पावसाळा आला की मला विहाराची इतकी आठवण यायची की ड्यूटीवर कुणी नुसतं "कशी आहेस?" विचारलं तरी मी विहाराबद्दल सांगत सुटायचे. म्हणून विहाराचं काम बघणाऱ्या मनोहरकाकांनी वाचनाचा व्हिडिओ कॉल सुरू केला तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. काकांनी स्टँडवर फोन लावला, गावाच्या ग्रुपवर लिंक टाकली. तिकडची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार. मी ब्रेकमध्ये स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसले. आईनं कॅमेऱ्यात एवढं तोंड घातलं की नुसतं नाक आणि चष्मा दिसला. मी रडायला लागले. सोबतच्या नर्सला वाटलं, घरी कुणी गेलं. मी म्हटलं, अगं नाही, सगळे आहेत, सगळे बसलेत.

मग आम्हा बाहेरच्यांना चेव चढला. आम्हीही पाळी घेऊ म्हणालो. आम्ही वाचायचो कसं, तर खणखणीत, कुठे अडखळणं नाही. काका खूश. पण ती लिंक गावातल्याही प्रत्येक फोनवर जात होती. एकानं पाय दुखतो म्हणून घरून ऐकलं. दुसरीनं फोन चुलीजवळ ठेवून भाकरी थापता थापता ऐकलं. नंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि चूक कुणाची हे मला अजूनही सांगता येत नाही.

यंदा माझी पाळी आली. मी छान वाचलं. स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांनी जयभीम केला आणि एकेक चौकोन विझला. काका कॉल बंद न करताच बाहेर गेले होते, म्हणून मला विहार दिसत राहिला. एवढ्या लांब सतरंजीवर आई आणि शांताकाकू, दोघीच. काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "जातो मी. बसून कोनासंग बोलाव?" आई मात्र तशीच बसून राहिली. मी हाक मारली तशी दचकून फोनजवळ आली.

"आई, कोनी आलं नाई वो?"

"सारे आलते म्हनते. मले तं कोनी दिसलं नाई."

"काकाले सांगू का, बंद करा म्हनून?"

"मंग तुले कुठी पाहू मी?"

आपण तर रोज फोनवर बोलतो, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "फोनवर तू मले एकटीलेच दिसते. इथी साऱ्यायले दिसते." सारे तिथं नव्हतेच, हे तिला कोण सांगणार? तिलाच तर ठाऊक होतं.

चार दिवसांनी गावाच्या ग्रुपवर तिचा आवाज आला. बटण दाबून बोलायला ती कधी शिकली कुणास ठाऊक. "उद्यापासून गावातल्यायले लिंक भेटनार नाई. ज्याले आयकाचं हाये त्यानं विहारात या. वाचन गावातलीच घरं करतीन. लिंक फक्त बाहेरच्यायले." ग्रुपवर पुष्कळ आरडाओरडा झाला. काकाही कुरकुरले. पण आईपुढे कोण टिकणार?

दुसऱ्या दिवशी मला एका नव्या ग्रुपमध्ये घेतलं गेलं. ग्रुपचं नाव "बाहेरचे". माझा नंबर सगळ्यांत आधी टाकायला आईनंच सांगितलं होतं म्हणे. मी ते नाव बघत राहिले. इतकी वर्षं परदेशात काढली, पण मला बाहेरची असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते आईनं, तेही मायेनं, आणि खोटंही नाही. राग यावा तर कुणाचा? लिंक मिळाली म्हणून आनंद मानावा, की लिंक लागते म्हणून वाईट वाटून घ्यावं?

दुपारी लिंक उघडली. नुसता गलका. कुणाचं तरी पोर स्टँड हलवत होतं, मला छत दिसायचं, मग पाठी दिसायच्या. वाचणारी कुणाची तरी नवी सून होती, अडखळत होती, आणि मागून काकू ओरडत होत्या. वाचनातलं एक वाक्य मला धड कळलं नाही. फोनकडे कुणी बघितलंही नाही. तुझं घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी पटकन नाचणगाव म्हणायचे. अजूनही तेच म्हणते, फक्त आधी जरा थांबते.

मी स्क्रीन बोटांनी मोठी करून आईला शोधत होते. सगळ्या पांढऱ्या साड्या सारख्याच. ती कुठे बसली होती ते शेवटपर्यंत दिसलं नाही. तिच्यापुढे माणसं बसली होती.