मिहीर येईल तेव्हा दिवाळी

त्या वर्षी दिवाळी आली नि गेली, पण उल्का वैद्यच्या घरात पणती लागली नाही. न्युरेम्बर्गच्या मराठी माणसांना यात काही वावगं वाटत नाही. इथे हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी गणपती बसतात आणि त्याच संध्याकाळी उठतात. मग मुलगा येईल त्या दिवशी दिवाळी केली, तर बिघडलं कुठे? उल्काने चकल्या केल्या, अनारसे केले, डबे वरच्या फळीवर ठेवले आणि "हात लावाल तर खबरदार!" असं बजावलं. बजावलं कुणाला, तर नवऱ्याला, माधवला, ज्याचा उजवा हात स्ट्रोक आल्यापासून मांडीवर नुसता पडून असतो. तोही हसला बिचारा.

मुलगा मिहीर इथेच वाढला. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. फिजिओथेरपी शिकला आणि अमेरिकेत एका फुटबॉल टीमकडे नोकरीला लागला. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो. बाप आजारी पडला तेव्हा सीझन चालू होता. मग कॅम्प, मग पुन्हा सीझन. फोन मात्र दर आठवड्याला यायचा, तोही आईला. "पप्पांशी बोल" म्हटलं की नेमकं त्याला तिकडून कुणीतरी हाक मारायचं. उल्काच्या हे ध्यानात यायला हवं होतं. पण आईच्या कुठलं यायला!

अशात दिवाळीआधीच बातमी आली की दिवाळी झाल्यावर त्याची टीम एक मॅच म्युनिकला खेळणार. म्युनिक म्हणजे तासाभराची गाडी! उल्का मराठी मंडळात सगळ्यांना सांगत सुटली.

"काकू, हा निव्वळ धंदा आहे," मंडळातला प्रणव म्हणाला. "तिकडचे लोक घरच्या मॅचची वाट बघत बसतात आणि हे ती उचलून समुद्रापार आणतात. खेळाडूंच्या झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच."

"होऊ दे!" उल्का म्हणाली. "त्यांना घरच्या मॅचेस ढीगभर आहेत. मला एक मिळाली तर तुझ्या का पोटात दुखतंय?"

सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त ती स्वतः.

टीम शुक्रवारी उतरली. शनिवारी माधवने सकाळीच डाव्या हाताने स्वतःची दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं, आणि नवा कुर्ता घालून खिडकीपाशी बसला. दुपारी मिहीरचा मेसेज आला. आज जमत नाही, मीटिंग आहे, उद्या तुझ्या नावाचा पास गेटवर ठेवतो. पप्पांना थंडी सोसायची नाही, तू एकटीच ये.

माधवला बोलायला वेळ लागतो. "तू जा," तो म्हणाला. "येताना... त्याला... घेऊनच ये."

रविवारी शेजारणीला माधवपाशी बसवून उल्का एकटीच गेली. खेळ तिला काडीचा कळला नाही. मैदानाच्या कडेला निळ्या जॅकेटमधला एकच माणूस ती बघत होती. गुडघ्यांवर बसून तो एका धिप्पाड खेळाडूची पोटरी चोळत होता, इतक्या हळुवारपणे की तिचा जीव कासावीस झाला. बापाचा हात त्याने एकदाही हातात घेतला नव्हता.

मॅच संपल्यावर नातेवाइकांना खाली सोडलं. तिथे एक अमेरिकन बाई भेटली, मिहीरबरोबर टीमकडे काम करणाऱ्या एका मुलाची आई. "काल सगळ्यांना दिवसभर सुट्टी होती, ते बरं झालं," ती म्हणाली. "मुलाने मला सगळा गाव दाखवला. तुमचा तर घरीच आला असेल जेवायला?"

"हो," उल्का म्हणाली. "आला होता ना."

मग मिहीर आला. त्याने मिठी मारली तेव्हा तिचे हात वर उचललेच नाहीत.

"काल सुट्टी होती?"

तो बोलला, आणि चक्क मराठीत. "स्टेशनपर्यंत आलो होतो, आई. गाडी समोर उभी होती. नाही चढलो. पप्पांना तसं बघायला मला नाही जमत गं."

तिला वाटलं याच्या एक थोबाडीत द्यावी. वाटलं याला पोटाशी धरावं. यातलं काहीच न करता ती एवढंच म्हणाली, "अरे, पण त्यांना तुला बघायचं होतं रे." तेवढ्यात बस निघाली म्हणून त्याला कुणीतरी हाक मारली. या वेळी खरोखरच.

ती घरी आली तेव्हा माधव कालचाच कुर्ता घालून बसला होता. त्याने तिच्यामागे दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सोडलं नाही हो त्यांनी," उल्का म्हणाली. "मॅच झाली की तडक विमानात! मेल्यांनी असल्या मॅचेस आणूच नयेत इकडे. लेकरं घराच्या दाराशी आणायची आणि आत पाऊल टाकू द्यायचं नाही? ही काय रीत झाली?" तिचा आवाज चढत गेला, आणि राग कुणाचा कुणावर निघतोय ते कळूनही तिला थांबता येईना.

माधवने डावा हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"चिडू नको," तो म्हणाला. "बिचारा पोरगा... एवढ्या जवळ येऊन... किती तळमळला असेल."

"हो ना," उल्का म्हणाली.