रोज संध्याकाळी, एक

"विझला नाही, बेटा. आराम करून राहिला."

पाइप विझला की काका हे म्हणायचे, आणि पाइप तर सारखाच विझायचा. मग ते तो तोंडातून काढत, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा अंगठा त्याला लावत आणि गालातल्या गालात हसत. काडी लगेच ओढायची नाही. आधी पाइपला पुन्हा पेटावंसं वाटलं पाहिजे, अशी त्यांची समजूत असावी.

मी नागपूरची. लग्न होऊन जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात आले. आमच्या गच्चीला लागून काकांची गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत. ऑफिसातून आल्या आल्या मी वाळलेले कपडे काढायला वर धावायची, तेव्हा पलीकडे लोखंडी खुर्चीत काका आणि त्यांच्याभोवती धूर. मी जात्याच उतावळी आणि तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून भांडले, "काका, माझ्या साड्यांना वास लागतो."

काका उठले, खुर्ची उचलली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून बसायच्या आधी ते बोट ओलं करून वारा बघायला लागले. वारा आमच्याकडे वाहत असला की खुर्ची तिकडे, नसला की इकडे. अशा माणसाशी भांडण कसं चालवायचं, तुम्हीच सांगा. खरं म्हणजे त्या तंबाखूला काकवीसारखा गोडसर वास होता, आणि मला तो आवडायलाही लागला होता.

काकांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत झाली. नवीन माणूस भेटला की ते मुद्दाम म्हणायचे, "माझी उभी जिंदगी दारूत गेली जी." समोरचा चपापला की काका खूश आणि आत काकू लाल. "नीट सांगा नं! लोक काय समजतील?" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "तोफेच्या गोळ्यातली दारू म्हणा!"

त्या फॅक्टरीच्या फाटकावर रोज झडती व्हायची. खिशात काडेपेटी सापडली तर नोकरीवर गदा. त्यामुळे काकांना एक सवय जडली होती, आणि ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. कोणाच्याही घरी गेले तरी आधी खिसे चाचपायचे, काडेपेटी काढायची, बाहेर चपलांशेजारी ठेवायची आणि मग आत पाऊल टाकायचं. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा माझे सासरे म्हणाले, "अहो, घर आहे हे, फॅक्टरी नाही."

"हो नं," काका म्हणाले. "पण आत दारू नसेल कशावरून?"

सासरे त्या दिवशी इतके हसले की त्यांच्या हातातला चहा बशीत आला.

पाइप त्यांना एका साहेबांनी बदली होऊन जाताना दिला होता. पुढे त्यांनी आणखी दोन जमवले. तिघांच्या पाळ्या लावलेल्या. "आज याची ड्यूटी. हे दोघं सुट्टीवर. लाकडाला वाळायला वेळ द्यावा लागते." तंबाखू चिमटीनं सैल भरायची, जरा दाबायची, पुन्हा भरायची, मग एक काडी फक्त वरचा थर भाजायला आणि दुसरी खरी. हे सगळं होईपर्यंत माझे कपडे काढून, घड्या घालून, जिना उतरून झालेलं असायचं. मोहल्ल्यातले त्यांचे जुने सोबती चिडवायचे, "बिडीच्या शहरात पाइप! साहेब बनून राहिले काय?" काका म्हणायचे, "बिडीवाल्याला कामावर परत जायचं असते. मला कुठं जायचं आहे?"

आणि हे सगळं दिवसातून एकदाच. संध्याकाळी एक पाइप, तो राख होईपर्यंत तासभर बसणं, बस्स. दुसरा भरलेला मी कधी पाहिला नाही. त्या तासात त्यांना कोणी काही विचारायचं नाही. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या तोंडात लाकूड असते म्हणून आमचा संसार टिकला."

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधीची काही वर्षं त्यांनी पाइपला हातही लावला नव्हता. तो सुटला कसा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खोकला मागे लागला, तेव्हा काकूंनी त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. एकटेच गेले. आंघोळ करून, दर रविवारी बुद्धविहारात जायचा तो पांढराशुभ्र शर्ट घालून गेले, नाहीतर तंबाखूच्या वासावरूनच डॉक्टरला सगळा उलगडा झाला असता. परत आले ते पेढे वाटायचेच बाकी होते.

"डॉक्टरनं परमिशन दिली!" भिंतीवरून मला सांगितलं. "मला म्हणे, 'पीते हैं?' मी काहून खोटं बोलू? म्हटलं, 'जी, रोज शाम को, एक.' तो म्हणे, 'एक तक ठीक है, दूसरा मत लीजिए.' आता बोल!"

आम्ही नागपूरकडच्या शिकल्यासवरल्या माणसांनी पाइप 'ओढतात' म्हणावं. जबलपुरात बिडी पितात, सिगरेट पितात आणि पाइपही पितात. दारूही पितातच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण काका इतके खुलले होते की मीही हसले आणि कपडे घेऊन खाली गेले.

खोकला काही हटेना. दुसऱ्या खेपेला काकूंचे गुडघे दुखत होते म्हणून मी सोबत गेले. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्यानं एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला, मग सहज विचारलं, "और बाबूजी, शराब? अब भी एक ही न?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही त्याच क्षणी सगळं समजलं होतं. डॉक्टरनं तर मान खाली घालून लिहायलाही घेतलं होतं. नुसतं "जी" म्हणाले असते तर गच्ची, खुर्ची, संध्याकाळ सगळं त्यांचं राहिलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. मीसुद्धा तिथे काही बोलले असते की नाही, देव जाणे.

पण रविवारी विहारात पंचशील म्हणताना, मद्य न पिण्याचं पाचवं शील आलं की या माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. काकू कौतुकानं सांगायच्या. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठून उभे राहिले.

"शराब? डॉक्टर साहब, हम बुद्ध को मानने वाले लोग हैं. जिंदगी में एक बूँद नहीं छुई." खिशातून त्या दिवशीच्या ड्यूटीवरचा पाइप काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "हम ये पीते हैं. ये!"

डॉक्टरला आधी हसू आलं. मग त्यानं पाइपकडे पाहिलं, एक्स-रेकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं. "बाबूजी, बैठिए. माफ कीजिए, मैं गलत समझा. पर ये तो बंद करना पड़ेगा. आज से ही."

काका बसले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक भी नहीं?"

"एक भी नहीं."

"अच्छा," काका म्हणाले.

मला इतका राग आला, आणि तो नेमका कोणाचा हेही कळेना. डॉक्टर तर खरंच सांगत होता.

येताना ऑटोत अर्धा रस्ता गेल्यावर काकांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्या एकदम ध्यानात आलं.

"काका, पाइप टेबलावरच राहिला! भैया, ज़रा वापस लीजिए."

काकांनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नहीं भैया, चलने दो." मग माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"राहू दे, बेटा. मला आता काहून पाहिजे? त्या पोराच्या मनात पुन्हा कधी आलं नं, की म्हातारा दारू पीत असेल, तर तो पाइप समोर दिसला पाहिजे त्याला."