शेजारच्या सीटवरचं नाव

पहिलेच सांगून ठेवतो, यात दुसऱ्या कोणाचा काही दोष नाही. बावळटपणा सगळा माझा. चहा घ्या, सांगतो.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. आर्वीत माझं कापडाचं दुकान. बायको, सुलोचना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. पोरगी लग्न होऊन इंदूरले. दुकानात दिवसभर बोलणं व्हायचं ते किती मीटर न् कोणता रंग, एवढंच. घरी तेवढंही नाही. अशात पेपरात वाचलं, वर्ध्यात हौशी लोकांची मोटार स्पर्धा आहे, स्वतःची गाडी आणा. निघालो जुनी फियाट घेऊन. जिंकायचं कोणाले होतं? चार माणसं भेटतील, बस.

मैदानावर टेबल टाकून बोंडे नावाचा आयोजक बसला होता. चाळिशीचा, उत्साही, हातात माइक. त्यानं फॉर्म दिला. खाली एक रकाना होता: 'शेजारी बसणाऱ्याचं नाव'. आता त्या सीटवर वीस वर्षांत दुसरं बसलं होतं कोण? हात आपोआप चालला. 'सौ. सुलोचना' लिहिलं, सही ठोकली, मोकळा झालो.

स्पर्धेचे तीन भाग. पहिल्यात ओळीनं ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून गाडी नागमोडी काढायची. अकरापैकी सात मी आडवे केले. दुसऱ्यात मातीच्या गोल रस्त्यावर फेऱ्या. तिथं माझ्यामागून सुटलेली एक जीप मले ओलांडून गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा माझ्या मागूनच आली.

तिसरा भाग रॅलीचा. हातात रस्त्याचा कागद देतात. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं कुठं वळायचं ते वाचून सांगायचं.

बोंडे जवळ आला. "काका, काकू कुठी आहेत?"

इथं खरं बोलायले काय झालं होतं? पण त्याचा हसरा चेहरा पाहून जीभ वळेना. म्हणालो, "येऊन राह्यली."

"कायनं?"

"एसटीनं."

त्यानं लगेच माइक तोंडाशी धरला. "आपल्या आर्वीच्या काकू येऊन राह्यल्या. सगळ्यायनं दहा मिनिटं थांबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघं जण मोटरसायकलवर बसस्टँडवर गेले, काकूले आणायले. शेजारच्या गाडीतल्या बाईनं विचारलं, "पयल्यांदाच येऊन राह्यल्या का त्या?" मी मान हलवली. खरं सांगू? त्या दहा मिनिटांत मीही रस्त्याकडेच बघत होतो.

दोघं रिकामे परत आले. "आर्वीच्या गाडीतून बायका सात उतरल्या. सगळ्यायले विचारलं. सुलोचनाबाई कोणीच नाई."

"तिले जमलं नसन," मी म्हणालो.

बोंडेले वाईट वाटलं. "जाऊ द्या काका, एकटेच निघा. कागद मांडीवर ठेवजा."

कागदावर सोपं होतं. थोडं आर्वी रोडनं जायचं, मग उजवीकडे सेलूच्या दिशेनं वळून परत मैदानावर. पण माझ्या डोक्यात एकच, परत गेल्यावर या लोकांना काय सांगायचं? ते जुळवता जुळवता वळण कधी मागं पडलं, कळलंच नाही. गाडी थांबली तेव्हा समोर माझं घर होतं.

कुलूप काढतो तोच आत फोन वाजायले लागला. बोंडेनं फॉर्मवरचा नंबर लावला होता.

"काका, कुठी आहात? सगळे पोचले. तुमाले शोधायले जीप पाठवली."

"घरी आहो."

"घरी काऊन?" मग त्याचा आवाज उतरला. "काकूची तब्येत बरी नाई का? द्या बरं त्यायले फोन."

आता पुढचं खोटं सुचेना. "बोंडे, ती दीड वर्षापूर्वीच गेली. नाव मी सवयीनं लिहिलं."

फोनवर त्याच्या मागं कोणाचं तरी बक्षीस चाललं होतं, टाळ्या ऐकू येत होत्या. मग तो म्हणाला, "पुढच्या साली माझं नाव लिहजा. माइक दुसऱ्याले देतो."

माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या वर्षी खरंच शेजारी बसला. कागद मांडीवर, बोट ओळीवर. रॅली सुटली, फाटा आला, आणि मी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "सुलोचना, इथूनच उजवीकडे का?"

बोंडेनं कागद पाहिला.

"हो," म्हणाला, "इथूनच वळा जी."